घरचे व्हिडिओ डिस्कवर: कोणती डिस्क घ्यायची, कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं

घरच्या एका समारंभाच्या डिस्क मी पहिल्यांदा केल्या तेव्हा एका रात्रीत बारा उरकल्या. व्हिडिओची फाइल उचलली, डिस्कवर टाकली, बर्न केली, वर छान अक्षरात नाव घातलं आणि नातेवाइकांना वाटून टाकल्या. दोन दिवसांनी फोन यायला लागले. कुणाच्या टीव्हीवर 'डिस्क नाही' असं येत होतं, कुणाचा प्लेयर नुसताच घरघरत बसला होता. एका काकांकडे मात्र मस्त लागली, कारण त्यांनी ती कॉम्प्युटरमध्ये घातली होती. बारापैकी एकाही डिस्कमध्ये दोष नव्हता. मुळात मी व्हिडिओ डिस्क केलीच नव्हती, फाइल ठेवायची डिस्क केली होती.

नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. डेटा डिस्क म्हणजे पेनड्राइव्हची चपटी बहीण: फाइल जशी आहे तशी त्यावर जाते आणि ती उघडायला समोर त्या फाइलची भाषा कळणारं यंत्र लागतं. व्हिडिओ डिस्कवर मात्र चित्राचा प्रकार, फोल्डरची नावं, मेन्यू, आवाजाची पद्धत असं सगळं एका ठरलेल्या नियमावलीनुसार मांडलेलं असतं. घरातला साधा डीव्हीडी प्लेयर ही नियमावली सोडून दुसरं काही वाचायला बांधील नाही. काही प्लेयर सुट्या फाइलही वाचतात, पण तो उपकाराचा भाग, त्यावर विसंबू नये.

पायरी १: डिस्क लागणार कुठे, ते आधी विचारा

आपला व्हिडिओ किती सुंदर आहे हे बाजूला ठेवा आणि ज्याच्या हातात डिस्क जाणार त्याच्या टीव्हीखाली काय आहे ते विचारा. शक्य असेल तर प्लेयरच्या पुढच्या बाजूचा फोटो मागवा. तिथे छापलेली चिन्हं बरंच काही सांगून जातात.

साधा डीव्हीडी प्लेयर असेल तर डीव्हीडी-व्हिडिओच करायची, दुसरा विचार नाही. ब्लू-रे प्लेयर असेल तर डीव्हीडी-व्हिडिओ त्यावरही चालते, शिवाय हाय डेफिनिशनचा पर्याय मोकळा होतो. समोर फक्त कॉम्प्युटर असेल तर डेटा डिस्क पुरते आणि पुढच्या निम्म्या कटकटी टळतात. टीव्हीला प्लेयरच नसेल, नुसतं यूएसबीचं भोक असेल, तर डिस्क करू नका, पेनड्राइव्ह द्या. डिस्कची हौस मलाही आहे, पण जिथे ती घालायला जागाच नाही तिथे ती चहाच्या कपाखाली जाते.

दहा जणांना द्यायची असेल आणि दहा जणांकडे दहा प्रकारची यंत्रं असतील, तर सर्वांत जुन्या यंत्राला चालेल असा प्रकार निवडा. नवं यंत्र जुनी डिस्क वाचतं, उलटं होत नाही. कारण साधं आहे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा आणि ब्लू-रेचा ४०५ चा. ब्लू-रे प्लेयरमध्ये जुन्या डिस्कसाठीचे लेसरही बसवलेले असतात. डीव्हीडी प्लेयरमध्ये निळा-जांभळा लेसर कुठून येणार?

पायरी २: कोरी डिस्क निवडा

दुकानातल्या फळीवर गोंधळ उडतो तो मायनस आणि प्लसचा. डीव्हीडी मायनस आर ही जुनी, पायोनियरने १९९७ मध्ये आणलेली आणि डीव्हीडीचे नियम ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमने मान्य केलेली. प्लस आर ही वेगळ्या कंपन्यांच्या गटाची, २००२ मधली. दोन्हींवर सारखाच व्हिडिओ मावतो आणि चित्राच्या दर्जात काडीचा फरक नाही. आजचे रायटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारी यंत्रं, दोन्ही लिहितात, आजचे प्लेयर दोन्ही वाचतात. प्रश्न फक्त जुन्या प्लेयरचा असतो. तिथे मायनस आर लागण्याची शक्यता जास्त, म्हणून वाटायच्या डिस्कसाठी मी डोळे मिटून मायनस आर घेतो.

प्लस आरच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. प्रत्येक डिस्कवर 'मी अमुक प्रकारची आहे' अशी एक खूण असते, तिला बुकटाइप म्हणतात. रायटर साथ देत असेल तर प्लस आर डिस्कवर ही खूण 'डीव्हीडी-रॉम', म्हणजे कारखान्यात छापलेली डिस्क, अशी लिहिता येते. मग अडेलतट्टू जुना प्लेयर फसतो आणि निमूटपणे डिस्क लावतो. मायनस आरमध्ये ही सोय नाही. एखादा प्लेयर मायनस आर झिडकारत असेल तर हा उपाय करून बघा.

एकथरी डिस्कवर ४.७ जीबी असं छापलेलं असतं, पण कॉम्प्युटर सुमारे ४.३७ जीबीच दाखवतो. कुणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. दुथरी डिस्क ८.५ जीबीची, कॉम्प्युटरवर ती ७.९६ दिसते. दुथरी डिस्क मी शक्यतो टाळतो. ती महाग असते, बर्न होताना बिघडण्याचं प्रमाण जास्त, जुन्या प्लेयरला ती वाचायला जड जाते आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर अडखळतं. दोन तासांहून मोठा कार्यक्रम असेल तर दोन साध्या डिस्क करा. मध्यंतर कुणालाच नकोसं नसतं.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, वाटायला चुकूनही वापरू नका. तिचा पृष्ठभाग प्रकाश कमी परत फेकतो, त्यामुळे कित्येक प्लेयर तिला ओळखत नाहीत. पण आपल्याजवळ एक जरूर ठेवा. मेन्यू नीट चालतो का, आवाज पुढेमागे होतो का, हे तपासायला तिच्यासारखं साधन नाही: चुकलं की पुसा, पुन्हा लिहा. ती साधारण हजार वेळा लिहिता येते. डीव्हीडी-रॅम नावाचाही एक प्रकार आहे. टिकाऊ आहे, पण घरच्या प्लेयरवर सहसा लागत नाही, तेव्हा तो सोडून द्या.

७०० एमबीच्या सीडीवर व्हिडिओ सीडी करता येते. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, वेळ जेमतेम ८० मिनिटं. समोर फक्त व्हीसीडी लावणारं जुनं यंत्र असेल तरच तिच्या वाटेला जा.

ब्लू-रेच्या कोऱ्या डिस्क २५ आणि ५० जीबीच्या मिळतात, त्यापुढे १०० आणि १२८ जीबीच्याही आहेत. मात्र या शेवटच्या दोन्हींना तसा रायटर आणि तसाच प्लेयर लागतो. साध्या डीव्हीडी रायटरवर ब्लू-रे लिहिता येत नाही हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण हा प्रश्न दर वेळी येतो. पाकिटावर 'एलटीएच' ही अक्षरं दिसली तर डिस्क परत फळीवर ठेवा. साध्या ब्लू-रे डिस्कमध्ये लिहिण्याचा थर धातूंच्या मिश्रणासारख्या अजैविक पदार्थाचा असतो. एलटीएचमध्ये डीव्हीडीसारखा सेंद्रिय रंग वापरतात. काही जुने प्लेयर तिला नाकारतात आणि टिकण्याच्या बाबतीतही ती डावी.

आणखी एक. डिस्कच्या पाकिटावरचं नाव आणि डिस्क प्रत्यक्षात बनवणारा कारखाना हे दोन वेगळे असू शकतात. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघतो. डिस्कवर कारखान्याचा संकेत कोरलेला असतो, बर्न करणारं चांगलं सॉफ्टवेअर तो वाचून दाखवतं. आपल्या रायटरशी जुळणारा संकेत सापडला की तो वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तसाच माल शोधा. चांगला माल आता दुर्मीळही होत चालला आहे. डिस्कसाठी नावाजलेल्या तैयो युडेनने २०१५ मध्ये हा धंदा सोडला आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं.

पायरी ३: मिनिटं मोजा, मग बिटरेट ठरवा

'एका डीव्हीडीवर किती वेळ मावतो?' याचं उत्तर 'तुम्ही व्हिडिओ दाबून किती लहान करता त्यावर'. फाइल किती जीबीची आहे याला इथे काही अर्थ नाही. फोनमधली एक जीबीची फाइल डीव्हीडी होताना तीन जीबी होईल, किंवा डीव्ही (कॅसेटवर डिजिटल चित्रण करणाऱ्या) कॅमेऱ्यातली तेरा जीबीची एक तासाची फाइल चार जीबीत बसेल. हिशेब मिनिटांचाच करायचा.

त्यासाठी एक सोपा आकडा लक्षात ठेवा: ६००. सहाशेला मिनिटांनी भागा, येईल तो एकूण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्चायचा तो आकडा, मेगाबिट प्रतिसेकंदात. ९० मिनिटांचा कार्यक्रम असेल तर ६.७, दोन तासांचा असेल तर ५, तीन तासांचा असेल तर ३.३. त्यातून आवाजासाठी ०.२ वजा करा, उरेल तो चित्राचा. हा आकडा आला कुठून? ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७,६०० मेगाबिट, त्याला ६० सेकंदांनी भागलं की ६२७. वरचे २७ मेन्यूसाठी आणि काठावरच्या मोकळ्या जागेसाठी सोडले. ही मोकळी जागा चैन म्हणून सोडलेली नाही. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि सर्वाधिक चुका अगदी बाहेरच्या कडेला होतात, म्हणून ती ठासून भरू नये.

नियमाप्रमाणे डीव्हीडीवर चित्राचा बिटरेट ९.८ पर्यंत जाऊ शकतो. मी मात्र ८ च्या वर जात नाही. घरी बर्न केलेली डिस्क छापील डिस्कइतकी लख्ख वाचली जात नाही आणि वेग वाढला की काही प्लेयर अडखळतात. म्हणजे ७५ मिनिटांपर्यंत सरळ ८ ठेवा. खालच्या बाजूला ४ च्या आत गेलं की गर्दीच्या दृश्यात, नाचात, पाण्याच्या लाटांत चौकोनी ठिगळं दिसू लागतात. सॉफ्टवेअरमध्ये दोन फेऱ्यांत एन्कोड करण्याची, म्हणजे व्हिडिओ दाबून डिस्कच्या प्रकारात बदलण्याची, सोय असेल तर ती घ्या. पहिल्या फेरीत ते कुठे हालचाल जास्त आहे ते बघतं, दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतं. वेळ जवळपास दुप्पट लागतो, आणि बिटरेट कमी असला की फरक डोळ्यांना दिसतो.

जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं चित्रण असेल तर एक युक्ती आहे. कॅसेटमध्ये मुळातच तपशील कमी असतो, त्यामुळे नेहमीच्या ७२० बाय ५७६ ठिपक्यांऐवजी ३५२ बाय ५७६ ठेवलं तरी काही गमावत नाही. हा आकार डीव्हीडीच्या नियमावलीत आहे. ठिपके निम्मे झाले की तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र स्वच्छ राहतं आणि तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर सुखाने बसते.

पायरी ४: व्हिडिओला डिस्कच्या मापात आणा

डीव्हीडीला चित्र एमपेग-२ या दाबण्याच्या पद्धतीत लागतं. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत. पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके आणि सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम). एनटीएससीमध्ये ७२० बाय ४८० आणि २९.९७ चौकटी. तुमचं मूळ चित्रण फोर के असलं तरी डीव्हीडीवर ते याच मापात येणार, त्याचं दुःख करू नका, मूळ फाइल जपून ठेवा.

पाल घ्यायचं की एनटीएससी? देशाप्रमाणे ठरवायचं असं सगळीकडे सांगतात आणि ते बरोबरच आहे: अमेरिका, जपानकडे एनटीएससी, भारत, ऑस्ट्रेलिया आणि बराचसा युरोप पालकडे. पण फोनवर चित्रण केलं असेल तर ते बहुधा सेकंदाला ३० चौकटींचं असतं. त्याला २५ मध्ये कोंबलं की कॅमेरा आडवा फिरतो तिथे हिसके बसतात. पाल देशांतले बहुतेक प्लेयर एनटीएससीसुद्धा लावतात. उलट बाजूने तसं नाही. म्हणून अशा देशात ३० चौकटींचं चित्रण असेल आणि समोरचा प्लेयर दोन्ही लावत असेल, तर मी एनटीएससीच करतो. चित्र थोडं कमी ठिपक्यांचं, पण हालचाल लोण्यासारखी.

फोनच्या चित्रणाची आणखी एक खोड आहे. चौकटींचा वेग स्थिर नसतो, उजेड कमी झाला की फोन तो गुपचूप खाली आणतो. त्यामुळे डिस्कवर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात, आणि चाळिसाव्या मिनिटाला माणूस आधी हसतो, हसू नंतर ऐकू येतं. उपाय म्हणजे आधी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेग निवडून काढून घ्यायची आणि मग पुढच्या कामाला लावायची. हँडब्रेक डीव्हीडी तयार करत नाही, बरं का. त्यातून एमपी४ किंवा एमकेव्ही बाहेर पडतं. पुष्कळ जण तिथेच थांबून तीच फाइल डिस्कवर टाकतात आणि माझ्यासारखे फसतात.

आकाराचं प्रमाण हा दुसरा सापळा. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. तेच ७२० बाय ५७६ चित्र ४:३ म्हणूनही दाखवता येतं आणि १६:९ म्हणूनही, आणि प्लेयरला ते कळतं फक्त एका खुणेवरून. खूण चुकली की सगळं घर एकतर चवळीच्या शेंगेसारखं दिसतं नाहीतर भोपळ्यासारखं. उभ्या धरलेल्या फोनचं चित्रण १६:९ मध्येच ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करा. ताणून पडदा भरण्याच्या मोहात पडू नका.

जुन्या डीव्ही कॅमेऱ्याचं चित्रण इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक चौकट सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्यांत विभागलेली. कोणता अर्धा आधी, हा क्रम डीव्हीमध्ये 'खालचा आधी' असतो, तर हाय डेफिनिशनच्या १०८०-आय कॅमेऱ्यांत 'वरचा आधी'. सॉफ्टवेअरमध्ये हा क्रम उलटा झाला तर कॉम्प्युटरवर काहीही जाणवत नाही, पण टीव्हीवर चालणारा माणूस दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा थरथरत चालतो. आठवडाभर मी यासाठी रायटरला दोष देत होतो. दोष एका खुणेचा होता. अशी थरथर दिसली तर पहिल्यांदा इथेच बघा.

आवाजासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि डॉल्बी डिजिटल, १९२ किंवा २२४ किलोबिट. एवढं पुरे. न दाबलेला पीसीएम आवाज दीड मेगाबिट खातो, आणि तो चित्राच्या तोंडचा घास असतो.

पायरी ५: डिस्कची मांडणी, म्हणजे ऑथरिंग

बर्निंगला लोक फार घाबरतात, पण खरं काम इथे आहे. व्हिडिओ, प्रकरणं, मेन्यू सगळं एकत्र बांधून 'व्हिडिओ-टीएस' नावाचा फोल्डर तयार करणं म्हणजे ऑथरिंग. त्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा फाइल दिसतील. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये कुठे काय आहे त्याची अनुक्रमणिका, आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. व्हीओबीचे एकेक जीबीचे तुकडे दिसले तर घाबरू नका, नियमच तसा आहे. सोबतचा 'ऑडिओ-टीएस' फोल्डर रिकामा असतो, तेही बरोबरच.

नवशिक्याला मी डीव्हीडीस्टायलर सुचवतो. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, एमपी४ फाइल ओढून टाकली की एमपेग-२ मध्ये बदलणं तेच करतं आणि मेन्यूचे तयार नमुनेही देतं. नवा प्रकल्प उघडा, पाल किंवा एनटीएससी, प्रमाण आणि बिटरेट तिथेच निवडा, कारण नंतर बदलायला गेलं की मेन्यूची मांडणी विस्कटते. व्हिडिओ खालच्या पट्टीत टाका, प्रकरणं घाला. दर पाच मिनिटांनी आपोआप प्रकरण घालण्यापेक्षा जिथे प्रसंग बदलतो तिथे हाताने घातलेलं बरं. ज्या आजीला नातवाचं पहिलं पाऊल पुन्हा पुन्हा बघायचंय, तिला रिमोटच्या दोन दाबांत तिथे पोचता आलं पाहिजे. मेन्यूतली अक्षरं मोठी ठेवा आणि कडेपासून आत घ्या, जुने टीव्ही कडेचा भाग कापून टाकतात.

मेन्यू नकोच असेल तरी हरकत नाही. डिस्क घातली की सरळ सुरू झाली पाहिजे, अशी मागणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येते, आणि मला ती पटते.

विंडोज व्हिस्टा आणि ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयता मिळायचा. विंडोज ८ पासून तो गेला. मॅकवरचा आयडीव्हीडीही असाच मागे पडला. लिनक्सवाल्यांसाठी डीव्हीडीस्टायलरशिवाय डीव्हीडी-ऑथर आणि एफएफएमपेग ही आज्ञावलीवर चालणारी जोडी आहे. एफएफएमपेगला नुसतं 'पाल-डीव्हीडी' असं लक्ष्य दिलं की बाकीची मापं ते स्वतः भरतं.

हाय डेफिनिशन करायचं असेल तर टीएसमक्सर. एच.२६४ या दाबण्याच्या पद्धतीतलं चित्र पुन्हा एन्कोड न करता ते ब्लू-रेच्या 'बीडीएमव्ही' मांडणीत बसवून देतं. त्याच सॉफ्टवेअरने साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी प्रकारची डिस्कही करता येते. हा प्रकार पॅनासोनिक आणि सोनीने २००६ मध्ये काढला. १५ मेगाबिटने सुमारे ४० मिनिटांचं झकपक चित्र साध्या डीव्हीडीवर मावतं आणि ब्लू-रे रायटर लागत नाही. मात्र ही डिस्क डीव्हीडी प्लेयरवर लागत नाही, ब्लू-रे प्लेयरच लागतो, आणि तोही एव्हीसीएचडी वाचणारा.

मांडणी झाली की लगेच बर्न करू नका. फोल्डर किंवा आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) कॉम्प्युटरवरच तयार करा आणि व्हीएलसी या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये डिस्कसारखी उघडून बघा. मेन्यूतलं प्रत्येक बटण दाबा. सुरुवात, मध्य, शेवट ऐका. इथे सापडलेली चूक फुकटात सुधारते.

पायरी ६: बर्न

विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की एक खिडकी उघडते आणि विचारते: ही डिस्क यूएसबी पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? पहिला पर्याय निवडलात तर घरच्या प्लेयरसाठी ती डिस्क मेलीच समजा. दुसऱ्या पर्यायाचं नाव ऐकून विश्वास बसतो, पण तोही तुमच्या एमपी४ ची डीव्हीडी-व्हिडिओ करून देत नाही, नुसती डेटा डिस्क करतो. ही खिडकी बंद करा.

विंडोजवर इमेजबर्न वापरा. २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, पण काम चोख करतं. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचून पुढे जा, नको ती जोडसॉफ्टवेअर सोबत येऊ शकतात. आयएसओ असेल तर 'इमेज डिस्कवर लिहा' निवडा. नुसता फोल्डर असेल तर 'फाइल आणि फोल्डर डिस्कवर लिहा'. व्हिडिओ-टीएस दिसला की योग्य फाइल पद्धत ते स्वतः सुचवतं, तुम्ही 'हो' म्हणायचं. हा फोल्डर डिस्कवर सर्वांत वरच्या पातळीला असला पाहिजे. दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात गेला तर प्लेयरला तो सापडत नाही. मॅकवर आयएसओ तयार असेल तर फाइंडरमधूनच बर्न होतं. लिनक्सवर केथ्रीबी किंवा ब्रासेरो.

वेगाबद्दल दोन टोकांची मतं ऐकाल. 'सर्वांत कमी वेगाने करा' हा सल्ला जुन्या काळातला आहे. आजच्या १६ एक्सच्या (मूळ वेगाच्या १६ पट वेगाच्या) डिस्कचा रंग अगदी मंद वेगासाठी बनवलेला नसतो, आणि १६ वर बाहेरच्या कडेला चुका वाढतात. मी ८ एक्सवर लिहितो. आठ-दहा मिनिटांत डिस्क होते.

'फायनलाइज' किंवा 'डिस्क बंद करा' हा पर्याय चालू आहे ना, ते बघा. न बंद केलेली डिस्क तुमच्या रायटरमध्ये मजेत चालेल आणि दुसऱ्याच्या प्लेयरमध्ये कोरी दिसेल. कॅमेऱ्यातच छोट्या डिस्कवर किंवा टीव्हीच्या रेकॉर्डरवर लिहिलेल्या डिस्कचं हे ठरलेलं दुखणं आहे. ती त्याच यंत्रात परत घालून बंद करावी लागते. म्हणून असा जुना कॅमेरा अडगळीत टाकण्याआधी सगळ्या डिस्क तपासा.

बाहेरून जोडायचा रायटर असेल तर तो थेट कॉम्प्युटरला लावा, मध्ये यूएसबी हब नको. वीज कमी पडली की बर्न अर्ध्यातच कोलमडतं.

पायरी ७: तपासा, लिहा, ठेवा

बर्न झाल्यावर सॉफ्टवेअरची पडताळणी चालू ठेवा. ती डिस्क पुन्हा वाचून मूळ फाइलशी ताडते. तेवढ्यावर थांबू नका. पहिली डिस्क एखाद्या साध्या, शक्य तितक्या जुन्या प्लेयरमध्ये घाला आणि शेवटची दहा मिनिटं नीट बघा, कारण बिघाड असला तर तो बाहेरच्या कडेला, म्हणजे शेवटाकडेच असतो. ती लागली की मगच उरलेल्या अकरा करा.

नाव लिहायला मऊ टोकाचा, डिस्कसाठीचाच मार्कर वापरा. बॉलपेनचं टोक वरून दाबलं की सीडीचा तर थेट डेटाचाच थर खरवडला जातो. तिथे तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीमध्ये तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, तरी सवय एकच ठेवा. चिकटवायची गोल लेबलं तर मुळीच नकोत. ती काही काळाने सुटतात, डिस्कचा तोल बिघडवतात आणि एखादं लेबल प्लेयरच्या आत अडकून बसतं. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा लेसरच्या वाटेबरोबर जातो आणि सलग डेटा खातो. आडव्या ओरखड्यावरून चुका दुरुस्त करणारी यंत्रणा सहज उडी मारते.

डिस्क डबीत, उभ्या, उन्हापासून आणि ओलीपासून लांब ठेवा. डीव्हीडीचा थर रंगाचा आहे आणि उजेडाने रंग उडतो. दीर्घकाळ ठेवायच्या प्रतीसाठी एम-डिस्क नावाचा प्रकार आहे. त्याचा थर रंगाऐवजी अजैविक पदार्थाचा असतो. लिहायला त्याला साथ देणारा रायटर लागतो, वाचायला साधाही चालतो. मी कुठलीही एक डिस्क एकमेव प्रत म्हणून ठेवत नाही. तयार आयएसओ आणि मूळ चित्रण दोन्ही हार्ड डिस्कवर राहतं, म्हणजे पाच वर्षांनी कुणी 'आमची डिस्क लागत नाही' म्हणालं तर दहा मिनिटांत दुसरी निघते.

आणि डिस्कवर नुसतं 'घरचा व्हिडिओ' लिहू नका. प्रसंग, तारीख, किती मिनिटं, पाल की एनटीएससी, डीव्हीडी-व्हिडिओ की डेटा, आणि मूळ आयएसओ फाइलचं नाव, एवढं डबीच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात मावतं.